तांबडे केस आणि बधिर करायचं इंजेक्शन

बधिर करायचं इंजेक्शन माझ्या मुलीला नीट लागू पडत नाही हे मला पटलं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि तिला एक मूल होतं. त्याआधी तिने मला ते तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी तिला खोटारडी ठरवलं.

आधी केसांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

आम्ही वसईजवळच्या होळी गावचे. घराभोवती वाडी, वाडीत केळी, मोगरा आणि घरापुरती व थोडी बाजारापुरती भाजी. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझे केस काळे, नवऱ्याचे काळे, मोठ्या मुलाचेही काळे. त्याच्यानंतर मुलगी झाली, ती चिंचेने घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं डोकं घेऊन. सुईणीला वाटलं रक्त आहे. तिने ओल्या फडक्याने दोनदा पुसलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

वसईत असल्या पोरीला एकच नाव ठेवतात, फिरंगीण. फिरंगी किल्ला सोडून गेले त्याला किती वर्षं झाली ते शाळेत शिकवतात, पण नाव ठेवताना ती वर्षं कोणी मोजत नाही. विहिरीवर बायका विचारायच्या, पलीकडच्या आळीतून आणलीस काय गं? पलीकडची आळी ख्रिस्ती लोकांची. त्या आळीतल्या सगळ्यांचे केस आमच्याहून काळे होते, पण थट्टा करणाऱ्याला त्याचं काय. मी हसायचे. नवरा थट्टा करत नसे. तो काहीच बोलत नसे, आणि मुलीला खांद्यावर घेऊन बाजारात जात नसे. मुलाला न्यायचा.

माझी सासू म्हणाली, जावळ काढलं की काळे येतील. जावळ माणसाचं एकदाच काढतात. आम्ही तिचं डोकं चार वेळा भादरलं. चारही वेळा तेच आले, उलट जरा जास्तच दाट. मग वाडीच्या बांधावरचा माका उपटून त्याचा रस खोबरेल तेलात आटवायला लागले. माक्याने केस काळे होतात म्हणतात. तिचे झाले नाहीत, पण तेल चोपडलं की ते तपकिरी दिसायचे. म्हणून ती सगळी शाळा तेलकट डोक्याने शिकली. उन्हाळ्यात तेल कपाळावरून नाकावर यायचं. नाकावर तिळाएवढे ठिपके होते, ते तेलाने चमकायचे. मुलीवर माझा राग नव्हता. ते केस मला नको होते.

ती चौथीत होती तेव्हा पंपाच्या खोपटाच्या पत्र्याने तिची टाच कापली. नव्वद-एक्याण्णव साल असेल. डॉक्टर ओळखीचे होते, हाताने सावकाश, चांगले. त्यांनी जखमेच्या कडेने इंजेक्शन दिलं, थोडं थांबले आणि पहिला टाका घातला. तिने त्यांच्या छातीवर लाथ मारली. ते म्हणाले, बाळ, बधिर केलंय, दुखणार नाही. ती म्हणाली, दुखतंय. त्यांनी आणखी थोडं औषध दिलं. तरी ती तेच म्हणाली. तेव्हा ते मला म्हणाले, हे दुखणं नाही, ही भीती आहे, धरा हिला. मी तिच्या मांड्यांवर बसले आणि पाय धरला. सात टाके पडले. चौथ्याला मी तिला थोबाडीत दिली. घरी आल्यावर ती म्हणाली की सुई प्रत्येक वेळी कळत होती, दोराही कळत होता. मी म्हणाले, ढोंगं करू नकोस.

माझं एक सांगायला हवं. मला दुखणं फारसं कळत नाही. केळीचा खुंट तोडताना एकदा कोयता नडगीला लागला, हाड दिसत होतं. मी हळद दाबून वरून फडकं बांधलं आणि उरलेले खुंट तोडले. दोन्ही मुलं घरी झाली, आवाज केला नाही. लोक त्याला धीर म्हणायचे, मीही तसंच समजायचे. आपल्याला दुखत नाही म्हणजे कोणालाच एवढं दुखत नसणार, असा माझा हिशेब होता. तो चुकतो आहे असं मला कधी वाटलं नाही.

आठवीत तिची दाढ किडली. स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे नेली. त्याने तीन इंजेक्शनं दिली. तिचा ओठ लोंबला, बोलताना लाळ गळायला लागली, पण पकड लावली की ती किंचाळायची. शेवटी ती गळ्यातला कागद तसाच ठेवून खुर्चीवरून उठली आणि बाहेर चालायला लागली. मी मागे. वाटेत ती लोंबत्या ओठाने म्हणाली, "आई, माझ्यावर इंजेक्शन चालत नाही."

मी म्हणाले, "इंजेक्शन काय माणूस बघून चालतं?"

पुढे ती दुसऱ्या बाजूने चावायला लागली. दोनेक वर्षांनी दाढ आपोआप तुकडे होऊन पडली.

लग्नाचं वय झालं तशी मी केसांच्या मागे लागले. स्थळ रत्नागिरीकडचं, मुलगा मुंबईत नोकरीला, वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत स्वतःचा फ्लॅट. पाहायला येणार त्याच्या चार दिवस आधी मी लोखंडी कढईत मेंदी भिजवली, चहाचं पाणी घातलं आणि तिच्या डोक्याला लावली. मेंदीने तांबडे केस काळे होत नाहीत एवढं मला सुचायला हवं होतं. धुतल्यावर डोकं भाजलेल्या विटेच्या रंगाचं झालं. मुलगी आरशात बघून हसत सुटली. मला हसू आलं नाही. दुकानातून काळ्या मेंदीची पुडी आणली, ती लावली. त्याने काम झालं. भुवयांना पेन्सिल फिरवली.

मुलाच्या आईने, म्हणजे पुढे ज्या माझ्या विहीण झाल्या त्यांनी, तिची वेणी हातात घेऊन पाहिली. केस छान काळेभोर आहेत म्हणाल्या. मी म्हणाले, माक्याचं तेल.

लग्न जमलं. सासरी जाताना मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपल्या घरात बोलतो ती बोली तिथे बोलायची नाही, हसतील. दुसरी, केसांचं कोणाला, नवऱ्यालासुद्धा, कळू द्यायचं नाही. ती म्हणाली, किती दिवस? मी म्हणाले, पांढरे होईपर्यंत.

मग एक शिरस्ता पडला. दर दुसऱ्या रविवारी ती रिकामी पिशवी घेऊन होळीला यायची, भाजी न्यायला. मागच्या पडवीत मी तिच्या भांगात काळी मेंदी भरायचे. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती दोन तास पेपर वाचत बसायची. मग डोकं धुवायचं, वाळवायचं आणि वांगी, वाल, केळी घेऊन रिक्षाने परत. विहीणबाई शेजारणींना सांगायच्या की आमच्या सुनेच्या माहेरची भाजी औषध न मारलेली, म्हणून ती मुद्दाम जाते. एखाद्या आठवड्यात येणं चुकलं आणि भांगात रंग दिसला, तर बोअरिंगच्या पाण्याने होतात असे, म्हणून सांगायचं ठरलं होतं. त्या वेळी फ्लॅटवाले सगळं बोअरिंगच्या पाण्यावरच ढकलायचे, त्यामुळे ते खपायचं.

दीड-दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. बाळंतपण सरळ झालं, पण टाके घालावे लागले. बाहेर बाकावर मी आणि विहीणबाई. आतून ती ओरडत होती. बाळ होताना ओरडली नव्हती एवढी टाक्यांना ओरडली. आणि ओरडत होती आमच्या घरातल्या बोलीत. विहीणबाईंना ते समजेना. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतेय ती? मी म्हणाले, देवाचं नाव घेतेय.

ती म्हणत होती की मला जिवंत शिवतायत, कोणीतरी या.

मी गेले. आत जाऊन तिच्या कानाशी म्हणाले, "सगळ्या बायकांना टाके पडतात. आवाज बंद कर." तिने केला. ओठ चावला, त्यातून रक्त आलं, पण आवाज बंद झाला. त्यानंतर कधी काही दुखलं तर तिने मला सांगितलं नाही. विहीणबाई बिल्डिंगमध्ये सांगत राहिल्या की आमच्या सूनबाईंना सुईसुद्धा सोसत नाही. ते माझ्या कानावर आलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही तसंच वाटत होतं.

नातू दोन वर्षांचा झाला तेव्हाची गोष्ट. रविवार होता. ती पाठ करून बसली होती, मी मेंदी लावत होते. पेपरातून डोकं न काढता ती म्हणाली, छातीत गाठ आहे, चार महिने झाले.

मी उरलेली मेंदी लावून पूर्ण केली. मग हात धुतले आणि गाठ बघितली. सुपारीएवढी होती. बोटाखालून सरकायची.

असली गाठ मी आधी पाहिली होती. माझ्या थोरल्या जावेने वर्षभर लपवली होती. ती फुटली तेव्हा वासाने सगळ्यांना कळलं. तिला शेवटची अंघोळ मी घातली. म्हणून मी मुलीला म्हणाले, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं. ती म्हणाली, ते कापतील. मी म्हणाले, कापतीलच, मग?

डॉक्टरने तपासून सांगितलं की बहुतेक साधी गाठ आहे, या वयात असतात, पण काढून तपासायला पाठवल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, आणि आता आणखी थांबू नका. लहानशी गाठ, तेवढी जागा बधिर करून काढू, संध्याकाळी घरी. ‘बधिर करून’ म्हणताच मुलगी उठली. मला पूर्ण झोपवा, नाहीतर नको, म्हणाली. डॉक्टर म्हणाला, एवढ्यासाठी पूर्ण भूल देणं बरोबर नाही. ती चप्पल घालून बाहेर गेली.

तीन आठवडे गेले. जावई रोज समजावत होता. विहीणबाई म्हणत होत्या की नाटकं आहेत, सुपारीएवढ्या गाठीला एवढं काय. एका संध्याकाळी जावई ऑफिसातून परस्पर होळीला आला, पडवीत बसला आणि म्हणाला, आई, तुम्हीच सांगा तिला, ती माझं ऐकत नाही, रात्रभर गाठीवर हात ठेवून झोपते. मी त्याला चहा दिला. मी सांगून ती ऐकणार नाही हे मला माहीत होतं. का, ते मी त्याला सांगितलं नाही.

शेवटी डॉक्टरनेच तोड काढली. आमच्या भूल देणाऱ्या मॅडमशी एकदा बोला, त्यानंतर काय ते ठरवा, म्हणाला. मुलगी बोलण्यापुरती तयार झाली. जावयाला रजा नव्हती, म्हणून बरोबर मी आणि विहीणबाई गेलो.

त्या मॅडम वयाने माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बारीक, चष्मेवाल्या. त्यांनी आम्हा दोघींकडे न बघता मुलीलाच विचारलं, कशाची भीती वाटते? मुलीने भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. टाच, दाढ, बाळंतपणातले टाके. कोणी धरलं होतं ते सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही. मी ऐकत होते. तिन्ही वेळा मी तिथे होते आणि तरी हे सगळं एकापाठोपाठ पहिल्यांदाच ऐकत होते.

मॅडमनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले. इंजेक्शन दिल्यावर किती वेळ थांबले, आणखी दिलं का, ओठ जड झाला होता का. मग ब्लडप्रेशर बघायला तिचा हात धरला आणि तसाच खिडकीच्या उजेडाकडे फिरवला. हातावरची लव बघितली. मग तिच्या पापण्यांकडे वाकून बघितलं.

"केस रंगवता का?"

मुलगी म्हणाली, "नाही." इतक्या पटकन म्हणाली की प्रश्न पुरा झाला नव्हता. आणि तिने माझ्याकडे बघितलं. विहीणबाई शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, विचारायला कारण आहे. ज्यांचे केस जन्मापासून तांबडे असतात त्यांच्यातल्या काहींना बधिर करायचं औषध कमी लागू पडतं, असं अलीकडे वाचण्यात आलं आहे. केसांचा रंग ठरवणारी जी गोष्ट शरीरात असते, तिचाच दुखण्याशीही काही संबंध असावा. पण तसं नसेल तर हरकत नाही. मग ही भीतीच असेल, तिच्यावर आदल्या रात्री घ्यायला गोळी देते. एवढं म्हणून त्यांनी चिठ्ठीचा कागद ओढला आणि लिहायला लागल्या.

मुलीने मान खाली घातली. गोळी घेऊन ती येणार नव्हती. ती घरी जाणार होती आणि ती गाठ वाढू देणार होती. तिच्या मानेकडे बघून मला ते कळलं. पेन चालू होतं.

मी म्हणाले, "जन्मापासून तांबडे आहेत. मी रंगवते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आधी बोलल्या विहीणबाई.

"म्हणजे दाखवलीत एक आणि दिलीत दुसरी."

"मुलगी तीच आहे, विहीणबाई. रंग माझा आहे."

"आणि हे केस आले कुठून तुमच्याकडे?"

हा प्रश्न मी विहिरीवर पंचवीस वर्षं ऐकला होता. शब्द वेगळे असायचे, आवाज हाच. मी उत्तर देण्याआधी मॅडम म्हणाल्या, दोन्हीकडून. आईकडून आणि वडिलांकडूनही आलं तर बहुधा असे केस होतात. एकाकडूनच आलं तर डोक्यावर दिसत नाही, फार तर एखाद्याच्या दाढीत रंग दिसतो.

माझे वडील फक्त शनिवारी दाढी करायचे. बुधवार-गुरुवारपर्यंत त्यांच्या गालावर तांबूस खुंट यायचे. विडीने झालेत असं आम्ही म्हणायचो. ते मला त्या खोलीत आठवलं. इतकी वर्षं लोक माझ्याकडे बोट दाखवत होते आणि मी मनात नवऱ्याच्या घराण्याकडे. निम्मं माझं होतं.

मॅडमनी फार आशा दाखवली नाही, हे सांगायला हवं. त्या म्हणाल्या की हा अभ्यास तिकडच्या गोऱ्या लोकांवर झालेला, तोही थोड्यांवर, आणि सगळे डॉक्टर तो मानत नाहीत. हिचे केस त्याच कारणाने तांबडे आहेत का, तेही तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण केस तसे आणि वर तीन वेळचा अनुभव, दोन्ही एकत्र धरलं तर मी नेहमीसारखं करून चालणार नाही. मग त्यांनी मुलीला नीट समजावलं. औषध टप्प्याटप्प्याने देऊ, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबू, टोचून बघू, तू हो म्हटल्याशिवाय सुरी लावायची नाही. मध्ये दुखलं तर बोट वर कर, थांबतील. औषधाला मर्यादा असते, तिथपर्यंत जाऊनही भागलं नाही तर पूर्ण झोपवू, म्हणून उपाशी ये.

मुलीने विचारलं, बोट वर केलं तर खरंच थांबतील?

मॅडम म्हणाल्या, मी तिथेच असेन. हवं तर तुझ्या आईला डोक्याशी बसवू.

"आई नको," मुलगी म्हणाली.

मॅडमना वाटलं तिला माझी काळजी आहे, मला रक्त बघवणार नाही म्हणून म्हणते. तशा काहीतरी बोलल्याही. मुलीने आणि मी, दोघींनी त्यांना तसं समजू दिलं.

चार दिवसांनी ती आत गेली. मी आणि विहीणबाई बाहेर, मधे दोन खुर्च्या रिकाम्या. त्या आतल्या दाराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, बाळंतपणात ती ओरडत होती तेव्हा देवाचं नाव घेत होती ना?

मी नाही म्हणाले. काय म्हणत होती ते सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, मला तेव्हा सांगायचं होतंत. मी म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? त्यांनी पर्स उघडली आणि बंद केली. त्यांना ओरडणाऱ्या सुनेचा राग यायचा, पण त्या काही वाईट बाई नव्हत्या. ते शब्द कळले असते तर त्यांनी निदान दार तरी ठोठावलं असतं, असं मला आता वाटतं. मला शब्द कळले होते आणि मी आत जाऊन तिला गप्प केलं होतं. पुढे विहीणबाई माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. फसवणूक झाली असं त्यांनी नातेवाइकांत सांगितलं. ती झालीच होती.

आत पाऊण तासाचं काम दीड तास चाललं. बाहेर बसून मला काय वाटत होतं असं लोक विचारतात. काही वाटत नव्हतं. समोरच्या भिंतीवर गरोदर बाईने काय खावं याचा तक्ता होता, तो मी वाचत होते. आतून आवाज येत नव्हता. आवाज येत नाही म्हणजे तिने ओठ चावलाय की खरंच दुखत नाही, हे बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता. तेवढ्या एका गोष्टीने मला एका जागी बसवेना. मी उठून पाणी प्यायले, परत बसले.

मॅडम बाहेर आल्या. दोनदा बोट वर केलं, दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा औषध वाढवावं लागलं, पण झोपवायची वेळ आली नाही, म्हणाल्या. गाठ एका छोट्या बरणीत होती. मी बघायला मागितली. कोंबडीच्या पोटातल्या कच्च्या अंड्यासारखी दिसत होती, जरा पांढरट.

मुलीला मी माझ्याकडे आणली. सासरी जायला तिचं मन नव्हतं, आणि त्यांनीही आग्रह केला नाही. जावई रोज संध्याकाळी यायचा. त्याला केसांचं कळलं होतं. तो तिला म्हणाला म्हणे की आंघोळीनंतर न्हाणीत काळं पाणी कसलं असतं ते विचारायचं राहूनच गेलं होतं. त्याला त्यात आणखी काही वाटलं असेल तर त्याने दाखवलं नाही. सातव्या दिवशी रिपोर्ट आला. साधी गाठ. जावयाने पेढे आणले, नातवाने दोन खाल्ले. मुलगी मागे जाऊन मोगऱ्यात बराच वेळ उभी होती. मी तिच्यामागे गेले नाही.

तिने केसांना पुन्हा मला हात लावू दिला नाही. वर्षभर ते दोन रंगांचे होते, वर तांबडे, खाली काळे. बिल्डिंगमधल्या पोरींना वाटलं ही नवी फॅशन आहे.

गाठ काढल्यावर दहाव्या दिवशी पट्टी बदलायची होती. दवाखान्यात जायला रिक्षा मिळेना, त्या दिवशी कोणीतरी बंद पुकारला होता. डॉक्टरने फोनवर सांगितलं की घरीच बदला, उकळून गार केलेलं पाणी लावून सोडवा. मी हात धुतले, पातेल्यात पाणी घेतलं. आतली जाळी जखमेला चिकटली होती. मी पाणी लावलं आणि कडेने ओढली.

ती म्हणाली, "दुखतंय. थांब."

मी हात बाजूला घेतला. आणखी पाणी लावलं आणि थांबले. तिने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने म्हणाली, आता कर. मी नखाएवढी सोडवली. ती म्हणाली, थांब. मी थांबले. माझ्या मते एव्हाना ती जाळी एका झटक्यात निघाली असती. तरी मी कापूस हातात धरून बसले. आत गॅसवर डाळ होती, ती करपत असल्याचा वास आला. मुलगी म्हणाली, डाळ बघून ये. मी म्हणाले, करपू दे. मग ती म्हणाली, आता कर.

अशी अर्ध्या तासात ती पट्टी निघाली.